रोजची द्वादशी

श्रीविद्याला बघायला आले तेव्हा तुळसीबाईंनी तिला शिक्षण विचारलं नाही, गाणं म्हणायला लावलं नाही. एवढंच विचारलं, "पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं स्वयंपाक करायला जमेल का?"

श्रीविद्या तेव्हा बी.कॉम. होऊन एका ऑडिटरकडे कामाला जात होती. तिच्या माहेरी मडी होती, पण आजीपुरती. सोवळ्याला म्हैसूरकडची मराठी माणसंही मडीच म्हणतात. आजी गेली तशी मडीही गेली. ती "जमेल" म्हणाली, कारण नाही म्हणायची रीत नव्हती आणि संकर्षणचं नाक तिला आवडलं होतं. नंतरच्या वीस वर्षांत नाकाकडे बघायला फारशी फुरसत मिळाली नाही. ओलेतं मात्र एक दिवस चुकलं नाही.

म्हैसूरच्या कृष्णमूर्तीपुरममधल्या त्या घरात चार माणसं होती. सासरे नरसिंहमूर्ती, निवृत्त मास्तर, पेपर वाचता वाचता झोपणारे. संकर्षण बेळगोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तुळसीबाई, आणि ती. पुढे मुलगी झाली, भव्या, ती आता हासनला हॉस्टेलवर राहून शिकत होती. तुळसीबाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या फक्त नियमाच्या होत्या. मडीत असताना शिवायचं नाही, त्यांच्या पानातलं वाढणं दुसऱ्या हातानं व्हायचं नाही, आणि एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. लग्नात भटजींनी सप्तपदीची सात वचनं सांगितली असतील, पण श्रीविद्याच्या लक्षात राहिली ती ही तीन.

नोकरी तिनं सोडली नाही. ऑडिटरकडून ती हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत गेली. अमेरिकेत कुणाचं हाड मोडलं की त्याचं बिल विमा कंपनीनं का नाकारलं, याचा शोध म्हैसूरला बसून घ्यायचा, असं ते काम. करोनात सगळ्यांना घरी पाठवलं, तशी तीही घरी आली. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या खोलीत टेबल टाकलं, कानाला हेडफोन लावला. एका बाजूनं कुकरची शिटी, दुसऱ्या बाजूनं घंटा. बोलताना आवाज बंद करायचं बटण तिच्या बोटाला इतकं सरावलं की झोपेतही अंगठा हलायचा.

दुसऱ्या लाटेत नरसिंहमूर्ती गेले. तेरावा झाला आणि तुळसीबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग नवरा गेल्याचं.

"कोणाशी गं बोलतेस एवढं?" त्या दारात येऊन विचारायच्या.

"अमेरिकेतल्या लोकांशी, अम्मा."

"त्यांचं ऊट झालं का? जेवले का?"

"त्यांची आता रात्र आहे."

"रात्रीचे जागतात? अय्यो, दरिद्री." मग थोडं थांबून, "जेवायला बोलाव त्यांना. केळीचं पान आहे का बघ."

हे सगळं चालण्यासारखं होतं. हसण्यासारखंही होतं. न चालण्यासारखं झालं ते एकादशीचं.

एके दिवशी पान वाढलं तर तुळसीबाई पाटावर बसेनात. "आज कसलं जेवण? एकादशी आहे." एकादशी होऊन चार दिवस झाले होते. श्रीविद्यानं पंचांग दाखवलं. तुळसीबाईंनी ते भिरकावलं. "मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून एकादशी करते मी." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मधुमेहाच्या गोळ्या पोटात आणि अन्न नाही. डॉक्टर म्हणाले, असं चालणार नाही, काहीही करा पण खायला घाला.

काहीही करा म्हणणं सोपं असतं. ते काहीही श्रीविद्याला सापडलं ते एका कॉलच्या मधोमध. बेंगळूरूचा कुणीतरी बोलत होता, तिनं आवाज बंद केला आणि ओरडून सांगितलं, "अम्मा, एकादशी काल झाली. आज द्वादशी. पारण्याला उशीर होतोय, लौकर बसा."

तुळसीबाई धडपडत उठल्या. द्वादशीचं पारणं वेळेत झालं नाही तर एकादशीचं पुण्य जातं, हे बाईच्या हाडात मुरलेलं होतं. चटचट जेवल्या. दोनदा भात मागून घेतला.

त्या दिवसापासून त्या घरात रोज द्वादशी सुरू झाली. दुपारी "आज एकादशी" आलं की "ती काल झाली, अम्मा." रोज काल एकादशी, रोज आज पारणं. सुरुवातीला खऱ्या एकादशीला ती सासूला दूध-केळं द्यायची. मग गोळ्यांचा डोस वाढला आणि तिनं त्या दिवशीही भात वाढायला सुरुवात केली. म्हातारीच्या ताटात एकादशीला भात. तिनं हे नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, देवासमोर उभं राहूनही त्याचा उच्चार केला नाही. स्वतः मात्र त्या दिवशी पाण्यावर राहायची, जणू एकीचं पाप दुसरीच्या पोटातून कापून घेता येतं.

असं तीन वर्षांहून अधिक चाललं. काम उत्तम चाललं होतं. तिच्या हाताखाली लोक आले, तिची बढती झाली. आणि मग कंपनीचं पत्र आलं. एक तारखेपासून सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं. पत्रात 'आपण पुन्हा एक कुटुंब होऊ' असं वाक्य होतं. श्रीविद्यानं ते दोनदा वाचलं आणि आमटीला फोडणी द्यायला उठली.

रात्री जेवताना तिनं विषय काढला.

"पाचही दिवस?" संकर्षण म्हणाला. "मग आईचं?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"बाई ठेवू."

"मागची बाई का गेली ते आठवतंय ना?" मागच्या बाईनं मायेनंच हात धरून घास भरवला होता. तुळसीबाई अंगणातल्या नळाखाली जाऊन बसल्या होत्या आणि नंतर आठवडाभर तापानं फणफणल्या होत्या.

"दुसरी बघू. शिवू नको म्हणून सांगू."

"तुम्हाला थोडे दिवस दुपारची पाळी मागून घेता येणार नाही? दुपारचं जेवण एवढंच तर बघायचंय."

"विद्या, मी सुपरवायझर आहे. मी पाळी मागायची नसते, वाटायची असते."

"मग वाटताना स्वतःला घ्या एक."

तो हसला. तिनं विनोद केला असं त्याला वाटलं. "तुझ्या त्या विजयेंद्रला सांग की. चांगला आहे म्हणतेस ना."

"आणि तो नाही म्हणाला तर? लोक ठेवतात हल्ली आश्रमात. बोगादीच्या बाजूला एक..."

"साकु," तो म्हणाला. पुरे. "लोक तोंडात शेण घालतील."

कुणाच्या तोंडात, हे त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

विजयेंद्र तिचा मॅनेजर, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तो खरंच चांगला होता. स्वतः मंड्याहून रोज येणार होता.

"मॅडम, मी वर पाठवलं तुमचं," तो स्क्रीनवर मान खाली घालून म्हणाला. "डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडलं. सूट मिळते, पण स्वतःचं आजारपण, नवरा किंवा मुलं यांच्यासाठी. मदर-इन-लॉ त्यात बसत नाही म्हणाले."

"कशात बसत नाही?"

"यादीत."

"माझ्या घरात बसते ती," श्रीविद्या म्हणाली. "रोज, माझ्या टेबलाशेजारी."

"तुमच्या घरी दुसरं कोणी नाही का, मॅडम?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं म्हणजे लग्नापासून सुरुवात करावी लागली असती. ती म्हणाली, "बघते."

नोकरी सोडता आली असती. भव्याच्या शिक्षणाच्या खर्चाची अजून दोन वर्षं होती, पण ओढून ताणून निभावलं असतं. न सोडण्याचं कारण म्हणून तिनं नवऱ्याला तेच सांगितलं. न सांगितलेलं कारण वेगळं होतं. त्या मधल्या खोलीत बसून बसून तिला आपल्या श्वासाचाही वास यायला लागला होता. तिला जायचं होतं. कुठेही, पण उंबरा ओलांडून. ऑफिसचं पत्र आलं तेव्हा कपाळावर आठी पडली होती ती खरी होती आणि छातीत काहीतरी हललं होतं तेही खरं होतं.

नवी बाई मिळाली ती वनजा, एच. डी. कोटेकडची. पन्नाशीची, जाड हाडाची, कमी बोलणारी. म्हाताऱ्यांकडे काम केलेली. श्रीविद्या तिच्याशी कन्नडमध्ये बोलायची.

"हे बघ, आमच्या अज्जी मडीच्या आहेत. त्यांना शिवायचं नाही, निदान जेवण होईपर्यंत. मी सकाळी पान वाढून, वर दुसरं पान झाकून जाईन. तू फक्त दुपारी सांगायचं, अज्जी जेवा. त्या स्वतः घेतात."

"आणि नको म्हणाल्या तर?"

"थोडा वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा सांगायचं. पण हट्ट नाही, हात धरणं नाही. खाण्यापिण्याच्या, उपासतापासाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद नको. त्यांचं बीपी चढतं."

"कळलं अक्का. मोठ्या लोकांची व्रतं असतात," वनजा म्हणाली.

सांगायचं श्रीविद्याच्या ओठावर आलं होतं. त्या एकादशी म्हणाल्या की तू द्वादशी म्हण. एवढंच वाक्य. पण परक्या बाईला, तीही पहिल्या दिवशी, आपण सासूशी एकादशीबद्दल रोज खोटं बोलतो हे कसं सांगायचं? ही बाई कोपऱ्यावरच्या दोन घरांत सांगेल, तिथून मठात जाईल. आणि आपण स्वतःच जाताना अम्मांना सांगून जाऊ की, "आज द्वादशी, वेळेवर जेवा." तिनं वाक्य गिळलं.

रुजू व्हायच्या पहिल्याच दिवशी नेमकी खरी एकादशी होती.

ऑफिसात कामाच्या मजल्यावर फोन न्यायला बंदी होती. लोकांच्या आजारांची माहिती, म्हणून फोन दाराबाहेरच्या कपाटात ठेवायचे. दुपारच्या सुट्टीत तिनं घरी लावला.

"अक्का, अज्जींनी काही घेतलं नाही," वनजा म्हणाली. "आज एकादशी म्हणाल्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या."

श्रीविद्याला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आज खरोखर एकादशी, अम्मांनी खरोखर पाळली, आणि दुपारी आपल्याला खोटं बोलावं लागलं नाही. चला, एक तरी उपास देवाच्या खात्यात खरा पडला.

"असू दे," ती म्हणाली. "उपासाच्या दिवशी असंच करायचं. त्या म्हणतील तसं. आग्रह करू नको. संध्याकाळी मी दूध देईन."

"बरं अक्का. आणि वाढलेलं पान? अज्जी म्हणाल्या, उपासाच्या दिवशी शिजलेलं अन्न घरात नको, गाईला घाल."

"घाल."

ती कँटीनमध्ये परतली. समोर सहाना बसली होती, गटातली नवी मुलगी, नखांवर निळा रंग.

"मॅडम, तुम्ही घरी इतकी वर्षं छान होतात. कशाला हा प्रवास, हा डबा? इथे येऊनही हेडफोन लावून त्याच बेंगळूरूच्या माणसाशी बोलायचं."

"तुझी आई डबा करून देते ना?"

"हो. का?"

"म्हणून प्रवासाचा त्रास होतो," श्रीविद्या म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसली. आपल्या हसण्याचा आवाज तिला अनोळखी वाटला. अम्मांची एकादशी लक्षात होती, स्वतःचा उपास मात्र ती विसरली होती. सहानाच्या डब्यातला चित्रान्नाचा भात खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि फारसं काही वाटलं नाही.

पुढचे दिवस असे गेले की मागे वळून बघताना त्यांचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. ते चांगले दिवस होते. कुणीतरी ओतून दिलेली कॉफी गरम असतानाच पिता यायची. कुणी दारात येऊन पुन्हा पुन्हा तेच विचारत नव्हतं. तिनं दोन नवे कुर्ते शिवून घेतले. दुपारी घरी फोन करायची, "पान संपलं?" वनजा म्हणायची, "संपलं अक्का." संध्याकाळी घरी येईपर्यंत भांडी घासून पालथी घातलेली असायची. तुळसीबाई विधवा झाल्यापासून एकभुक्त, रात्रीचं जेवत नसत. फुलपात्रभर दूध घेतलं तर घेतलं. त्या आताशा लौकर झोपायच्या. दारात येणं कमी झालं होतं, घरभर फिरणं थांबलं होतं.

"आई किती शांत झालीय बघ," संकर्षण म्हणाला. "वनजाचा हात चांगला आहे. तू उगाच घाबरत होतीस."

"लुगडं सैल झालंय त्यांचं."

"उन्हाळा आहे. माझीही पँट सैल झालीय."

श्रीविद्यानंही ते उन्हाळ्यावर ढकललं. शनिवार-रविवारी ती स्वतः वाढायची तेव्हा "काल झाली, अम्मा" म्हटलं की तुळसीबाई थोडंफार जेवायच्या, त्यामुळे शंकाही आली नाही. सकाळी तिला सातची बस गाठायची असे. ओलेत्यानं स्वयंपाक, पान, झाकण. मग जपाची माळ घेऊन पडून राहिलेल्या सासूला दारातून, "अम्मा, आज द्वादशी, वेळेवर जेवा." तुळसीबाई मान हलवायच्या. ती मान दुपारपर्यंत कुठे टिकणार होती. सकाळी सांगितलेलं ज्या बाईला आंघोळीपर्यंत आठवत नाही, तिला ते दुपारी आठवेल असं श्रीविद्यानं धरून चालणं, याला भाबडेपणा म्हणावं की सोय, हे तिचं तिलाच माहीत.

तो दिवस शुक्रवार होता. चहाच्या सुट्टीत तिनं कपाटातून फोन काढला, तर पडदा वनजाच्या नावानं भरलेला. पाठोपाठ संकर्षणचं नाव. ती तिथूनच रिक्षात बसली.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तुळसीबाई खाटेवर होत्या. जीभ चामड्यासारखी कोरडी, डोळे अर्धे उघडे. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. संकर्षण बेळगोळहून कामाच्या कपड्यांतच आला होता. भिंतीला टेकून वनजा उभी होती.

"शरीरात पाणी राहिलेलं नाही," तरुण डॉक्टर म्हणाली. "मूत्रपिंडावर परिणाम दिसतोय. साखर अगदी खाली गेली होती. किती दिवसांपासून जेवत नाहीत?"

"जेवतात," श्रीविद्या म्हणाली. "रोज पूर्ण पान जेवतात."

"नाही अक्का," वनजा म्हणाली. तिच्या आवाजात काही लपवल्याचं नव्हतं, नवलच होतं. "अज्जींचा रोज उपासच होता ना."

श्रीविद्या तिच्याकडे वळली.

"रोज म्हणाल्या, आज एकादशी. मी म्हटलं, यांच्यात काही मोठं व्रत चालू असेल. तुम्हीच सांगितलं होतं, उपासाच्या दिवशी त्या म्हणतील तसं. पान गाईला घाल. मी घालत होते."

"रोज एकादशी असते का, वनजा?" श्रीविद्याचा आवाज चिरकला. "पंधरवड्यातून एकदा येते ती."

"मला काय माहीत अक्का, तुमच्यात कितीदा येते? आमच्याकडे नाही ती." आणि मग हळूच, "मी फोनवर रोज सांगत होते, पान संपलं. तुम्ही विचारलंच तेवढं."

संकर्षण वनजावर ओरडायला लागला. माणूस मारशील का, अक्कल आहे का. वनजानं पदर तोंडाला लावला. श्रीविद्यानं त्याला थांबवलं नाही. थोडा वेळ तिला ते ऐकायला बरंच वाटलं. जेवढा वेळ तो वनजावर ओरडत होता तेवढा वेळ ती मोकळी होती. पण संकर्षण सुपरवायझर होता, बिघाड कुठून सुरू झाला ते शोधणं हा त्याचा धंदा. तो मधेच थबकला.

"तू घरी असताना आई रोज जेवायची. तेव्हा नाही म्हणायची ही एकादशी?"

"म्हणायच्या. रोज."

"मग?"

"मी सांगायची, काल झाली. आज द्वादशी."

"रोज?"

"रोज."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि एकादशीच्या दिवशी?"

"त्या दिवशीही."

"त्या दिवशी काय द्यायचीस?"

"भात," श्रीविद्या म्हणाली.

संकर्षण खाटेच्या कडेला बसला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळेना, आई उपाशी राहिली हे त्याला जास्त लागलं की आई एकादशीला जेवत होती हे. डॉक्टरनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

"हे तू या बाईला सांगितलं का नाहीस?" संकर्षणनं विचारलं.

"लाज वाटली."

"कसली?"

"तुम्ही आता बघताय ना माझ्याकडे. त्याची."

तुळसीबाई वाचल्या. डॉक्टरांनी वाचल्या असंच म्हटलं. पण गिळणं गेलं. तोंडात घास ठेवला की तो गालात तसाच राहायचा, पाणी दिलं की ठसका लागायचा. मेंदू आधीच थकलेला, त्यात हा उपास, आता येईल परत असं वाटत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग नाकातून पोटापर्यंत नळी घातली. घरी सोडताना नर्सनं श्रीविद्याला आणि वनजाला शिकवलं. नळीचं टोक उंच धरायचं, पातळ करून हळू ओतायचं, शेवटी पाणी घालून नळी धुवायची, दर दोन-तीन तासांनी.

"सोपं आहे," नर्स म्हणाली. "यांना विचारायलाही लागत नाही. किती लोक आधी घाबरतात, मग म्हणतात हेच बरं."

वनजाला काढायचा विषय संकर्षणनं एकदा काढला आणि आपणच मिटवला. दुसरी कुठून आणायची? वनजा चोख होती. सांगितलं तसं तंतोतंत करणारी, हे तर सिद्धच झालं होतं. नळीतून द्यायची पावडर डब्यात मिळायची. ती कुणी केली, कुठल्या हातांनी, हे कोण विचारतो. श्रीविद्या पहिले दोन दिवस सवयीनं ओलेत्यानं स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून ती कोरड्या कपड्यात चहा करायला लागली. मधे एक एकादशी येऊन गेली. वनजानं ठरल्या वेळी पावडर कालवली, नळी उंच धरली.

रजा संपत आली तसा विजयेंद्रचा फोन आला.

"मॅडम, कशा आहेत आता मदर-इन-लॉ?"

"घरी आणलंय. विजयेंद्र, मला काही महिने घरून करू द्या. मग मी येते."

"मी पुन्हा विचारलं, मॅडम. खरंच विचारलं." तो म्हणाला. "तुमची जागा दुसऱ्याला द्या म्हणतायत. सोमवारी आलात तर मी सांभाळून घेईन."

तिनं राजीनामा लिहायला घेतला. पहिल्या दोन ओळी झाल्या. संकर्षण खुर्ची ओढून शेजारी बसला. इस्पितळापासून तो तिच्याशी जपून बोलत होता, पाहुण्याशी बोलावं तसा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "आता सोडायची गरज काय आहे? आधी जेवायचा प्रश्न होता. नको म्हणायची, हट्ट करायची, कुणाच्या हातचं घ्यायची नाही. आता तसं काही नाही. वनजा वेळेवर घालते. तू घरी बसून वेगळं काय करणार?"

"असं बोलवतं कसं तुम्हाला?"

"चूक आहे का?"

चूक नव्हतं. तिला राग आला तो याच्यासाठी की हेच वाक्य दोन दिवस तिच्या स्वतःच्या डोक्यात फिरत होतं, आणि आपण ते बोललो नाही एवढाच काय तो आपला चांगुलपणा, असं तिला वाटत होतं. आता तेही कारण उरलं नाही. राजीनामा दोन ओळींवरच राहिला.

एकच अडचण होती. तुळसीबाई नळी उपटायच्या. एकदा रात्री उपटली, एकदा वनजाची पाठ फिरली तेव्हा. प्रत्येक वेळी पुन्हा इस्पितळ, पुन्हा ती नाकातून घालणं, आणि त्या वेळचा तो आवाज. तिसऱ्या वेळी नर्सनं जाड कापडाचे दोन हातमोजे दिले, बोटं नसलेले, मनगटाशी नाडीचे. त्या नाड्या खाटेच्या कठड्याला बांधायच्या.

"घट्ट नाही," ती म्हणाली. "आत एक बोट जाईल एवढं. तुम्ही कामावर जाताना बांधून जा. बाईवर सोडू नका, त्यांना दया येते आणि त्या सोडतात."

सोमवारी श्रीविद्या तयार झाली. नवा कुर्ता घातला, केस पुसले. तुळसीबाई जाग्या होत्या. आताशा बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यांनी सुनेला ओळखलं की नाही सांगता आलं नसतं. श्रीविद्यानं त्यांचा डावा हात उचलला. एके काळी मडीत चुकून पदर लागला तर या हाताच्या इशाऱ्यानं तिला तीन पावलं मागे सरकवलं होतं. तिनं मोजा चढवला, नाडी बांधली, आत बोट घालून बघितलं.

वनजा दारात उभी राहून बघत होती. बाहेर बसची वेळ होत आली होती.

उजव्या हाताकडे वळेपर्यंत तुळसीबाईंनी तो स्वतःच पुढे केला होता. बोटं एकत्र मिटून, अंगठा आत घेऊन, कासाराकडे बांगड्या भरायला बसावं तसा. चेहऱ्यावर थोडी लाज, थोडं हसू. आपल्याला आता बांगड्या भरायच्या नाहीत, नरसिंहमूर्तींना जाऊन चार वर्षं होत आली, हे कुठलंच तिथे नव्हतं.

"अज्जी हसतायत," वनजा म्हणाली.

श्रीविद्यानं तो हात धरला. त्या अरुंद केलेल्या हातावरून मोजा सहज सरकला. तिनं नाडी कठड्याला बांधली, गाठ ओढून बघितली, वनजाला पावडरीचा डबा कुठे आहे ते पुन्हा एकदा सांगितलं आणि चपला घातल्या.